प्रदेशाची पीक उत्पादकता कशी मोजावी

एखाद्या प्रदेशाची पीक उत्पादकता मोजायला बसल्यावर आधी ठरवायचा तो भाजक. उत्पादनाला हेक्टरने भागले तर जमिनीची उत्पादकता हाती येते, मनुष्यदिवसांनी भागले तर श्रमाची आणि वापरलेल्या पाण्याच्या घनमीटरने भागले तर पाण्याची. ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. प्रदेशांच्या तुलनेत बहुधा हेक्टरच घेतात, परंतु तो पेरलेला की कापलेला, हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. दुष्काळात करपलेली शेते कापणीपर्यंत पोहोचतच नाहीत आणि मग कापलेल्या क्षेत्राने भागाकार केला की ते वर्ष उगाच बरे दिसते.

मूळ आकडा पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे शेतात दोरीने आखलेल्या छोट्या चौकटीतले पीक कापून, मळून आणि तोलून मिळतो. गावे, शेते आणि शेतातील चौकटीची जागा ही तिन्ही यादृच्छिक पद्धतीने निवडावीत, कारण जागा डोळ्यांनी निवडू लागलो की पाय आपोआप भरघोस पिकाकडे वळतात. चौकटीच्या दोरीवर आलेल्या ताटांचा नियमही आधीच ठरवावा: बुंधा आत असेल तर ताट मोजायचे, एरवी सोडून द्यायचे. समजा, 10 मीटर × 5 मीटर चौकटीत मळणीनंतर 12 किलो गहू निघाला आणि त्यात 18 टक्के ओलावा होता. हेक्टरमध्ये अशा 200 चौकटी बसतात, म्हणून हेक्टरी 2400 किलो असे लिहावेसे वाटते. पण तुलनेसाठी 12 टक्के ओलावा हे मानक धरले, म्हणजे धान्याचा कोरडा भाग 82 ऐवजी 88 टक्के मानला, तर 12 × 82 ÷ 88, म्हणजे 11.18 किलोच धरावे लागतात आणि हेक्टरी आकडा सुमारे 2236 किलोंवर येतो. दोन प्रदेशांतला फरक म्हणून जे दिसते, ते कधीकधी एवढेच असते.

खरी अडचण अनेक पिके एकत्र मोजताना येते, कारण बटाट्याचे टन आणि गव्हाचे टन यांची बेरीज निरर्थक असते. संख्याशास्त्रज्ञ केंडाल यांनी 1939 मध्ये प्रत्येक पिकाच्या हेक्टरी उत्पादनानुसार प्रदेशांना क्रमांक देऊन त्यांची सरासरी काढण्याची पद्धत मांडली. ती सोपी आहे, परंतु तीत नगण्य क्षेत्रावरचे पीकही मुख्य पिकाइतकेच वजन खाते. सप्रे आणि देशपांडे यांनी 1964 मध्ये क्रमांकांना पीकक्षेत्राचा भार दिला. भाटिया यांनी 1967 मध्ये क्रमांक बाजूला ठेवून प्रत्येक पिकाचे उत्पादन संपूर्ण प्रदेशाच्या सरासरीशी टक्केवारीत ताडले आणि त्याला क्षेत्राचा भार दिला. एखाद्या तालुक्यात 60 टक्के क्षेत्रावरील पिकाचा निर्देशांक (म्हणजे सरासरीशी ताडलेली टक्केवारी) 110, 30 टक्क्यांवरील 80 आणि 10 टक्क्यांवरील 200 असेल, तर साधी सरासरी 130 येते, भारित सरासरी मात्र 110. माझ्या मते नवख्याने भाटियांच्या पद्धतीनेच सुरुवात करावी. कोणतीही पद्धत घेतली तरी एका वर्षावर विसंबू नये. किमान सलग तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

त्यानंतर कारणांकडे वळावे. पाऊस, सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण, मातीची खोली, खतांचा वापर, सुधारित वाणांखालील क्षेत्र आणि धारणक्षेत्राचा (एका शेतकऱ्याकडील एकूण जमिनीचा) आकार हे घटक साधारणपणे तपासले जातात. पावसाची केवळ वार्षिक बेरीज घेऊन भागत नाही, कारण पीक फुलोऱ्यात असताना पडलेला खंड बेरजेत दिसत नाही. सिंचन आणि खत हे तर जोडीनेच वाढतात. पाण्याची खात्री असली की शेतकरी खतावर पैसा घालतो. त्यामुळे या घटकांवरून उत्पादकता वर्तवणाऱ्या एकाच समीकरणात दोन्ही घातल्यास कोणाचा वाटा किती, हे विश्वासाने सांगता येत नाही. अशा वेळी सिंचित आणि कोरडवाहू क्षेत्रांचे विश्लेषण वेगवेगळे करावे. तालुका पातळीवर आढळलेला सहसंबंध एकेका शेतकऱ्याला लावणे हीदेखील नेहमीची चूक आहे: लहान धारणक्षेत्रांच्या तालुक्यात उत्पादकता जास्त आढळली, तरी तेथील लहान शेतकरीच जास्त पिकवतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

शेवटी समीकरणाने वर्तवलेली आणि प्रत्यक्ष मोजलेली उत्पादकता यांतली तफावत नकाशावर रंगवावी. ती शेजारशेजारच्या तालुक्यांत एकाच दिशेने साचलेली दिसली, तर क्षारपड जमीन किंवा निचऱ्याचा अभाव यांसारखा एखादा घटक यादीतून सुटलेला असण्याची शक्यता असते आणि तो शोधायला तेथील शेतांतच जावे लागते.