बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी: या चुका टाळा

बोलगार्ड-२ हे बीटी (जनुकीय बदल करून अळीला मारक केलेले) वाण लावले की बोंडअळीची चिंता मिटली, हा समज मराठवाड्यात अजून पक्का आहे. या वाणातली क्राय१एसी आणि क्राय२एबी ही प्रथिने अमेरिकन आणि ठिपक्यांच्या बोंडअळीला रोखतात. गुलाबी बोंडअळीने मात्र दोन्ही पचवली आहेत.

सगळ्यात महाग पडते ती फरदड. विहिरीला पाणी आहे म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवली, की शेवटच्या बोंडांत अळीला आयते घर मिळते. ती सरकीत सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघते. डिसेंबरअखेर पीक काढा. पऱ्हाट्यांचे (वाळलेल्या कपाशीच्या झाडांचे) ढीग बांधावर रचू नका, त्यातल्या किडक्या बोंडांत अळ्या तशाच राहतात. श्रेडर मिळत असेल तर पऱ्हाटी शेतातच बारीक करून गाडा.

ठिबकवर मे महिन्यात लागवड करणे ही याच चुकीची जुळी बहीण. जूनमध्ये ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर लावलेल्या कपाशीला पाते (फुलकळ्या) उशिरा लागतात. तोवर निघालेल्या पतंगांच्या पिढीला खायला काही मिळत नाही आणि ती संपते.

बीटीच्या पाकिटात मुद्दाम दिलेले बिगर-बीटी बियाणे हे भेसळ नव्हे. त्या झाडांवर वाढलेले पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले तर प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. विनापरवाना तणनाशक-सहनशील बियाण्यात याची कसलीच खात्री नसते.

आता फवारणी. अंड्यातून निघालेली अळी लगेच पात्यात किंवा बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजते, आणि मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून बोंड फोडून पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नका. ४५ दिवसांपासून एकरी २ कामगंध सापळे पिकाच्या वर साधारण एक फूट उंचीवर लावा. ल्यूर (सापळ्यातली पतंगांना ओढणारी गंधगोळी) महिन्याच्या आत बदला, शिळ्या ल्यूरवर पतंग येत नाहीत आणि शेत निरोगी असल्याचा भास होतो. एका सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग पडले, किंवा फुलांत १० टक्के डोमकळ्या दिसल्या, की फवारणीची वेळ झाली. डोमकळी म्हणजे पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल. ते तोडून आत पाहा, अळी असतेच. हिरवी बोंडेही २० तोडून फोडा, दोनांत जिवंत अळी असेल तर थांबू नका. इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के ४.४ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात घ्या, मात्र एकच औषध सलग दोनदा नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड सुरुवातीलाच मारले तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.

सिल्लोड, कन्नड, जालन्याकडे मक्यावर लष्करी अळी पडते म्हणून कोणी 'बीटी मका' विकू लागला, तर घेऊ नका. भारतात जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला परवानगी नाही.