एअर रायफलची बॅरल बदलताना या चुका टाळा

नवी बॅरल आणली, बसवली आणि नेम आधीपेक्षाही बिघडला, अशी तक्रार एअर रायफल वापरणाऱ्यांकडून बऱ्याचदा येते. मग राग निघतो तो बॅरलवर. पण दोष सहसा नळीच्या लांबीत कुठे नसतो. तो असतो तिच्या दोन टोकांच्या चार-पाच मिलिमीटरमध्ये, नाहीतर ती रायफलला जिथे जोडली जाते त्या सांध्यात. इथे मी बॅरल खाली दुमडून कॉक करायच्या, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून तयार ठेवायच्या, स्प्रिंग रायफलींबद्दल लिहितो आहे. डायना 35 च्या धाटणीच्या रायफली आपल्याकडे बऱ्याच दिसतात आणि बॅरल बदलायची वेळही त्यांच्यावरच जास्त येते. पीसीपीचं, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचं, काम वेगळं असतं. तिथे आधी टाकीतली हवा पूर्ण सोडावी लागते.

आधी खरंच बॅरल गेली आहे का ते बघा. स्टॉकचे, म्हणजे खांद्याला लावायच्या दस्त्याचे, स्क्रू ढिले झाले किंवा नळीत शिशाचा थर बसला, तरी छर्रे इकडेतिकडे जातात. स्क्रू आवळा, नळी कापडाने पुसा, दुसऱ्या डब्यातले छर्रे वापरून बघा. एवढं करूनही फरक पडला नाही तरच खर्चात पडा. बॅरल खरोखर बदलावी लागते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे आतला गंज. कोकणात पावसाळाभर कव्हरमध्ये बंद करून ठेवलेली रायफल गणपतीत बाहेर काढली, की आत खड्डे पडलेले दिसतात. दुसरं म्हणजे वाकलेली नळी. बॅरल उघडी असताना ट्रिगर दाबला गेला तर ती झटक्यात वर येऊन बंद होते आणि सांध्यापाशी वाकते. मध्ये बोट असेल तर बोटही जातं. म्हणून कॉक केलेल्या रायफलमध्ये छर्रा भरताना एका हाताने बॅरल घट्ट धरायचीच.

विकत घेतानाच होणारी चूक म्हणजे बोअर, नळीच्या भोकाचं माप. भारतात .177, म्हणजे 4.5 मिमी बोअरपर्यंत आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. 'जरा मोठा छर्रा मारू' म्हणून .22 ची बॅरल बसवलीत, तर रायफल परवान्याच्या कक्षेत जाते. लांब बॅरलने जोर वाढतो हाही गैरसमज आहे. स्प्रिंग रायफलमध्ये हवेचा दाब क्षणभरच टिकतो. साधारण पंचवीस सेंटिमीटरनंतर छर्ऱ्याला वेग असा फारसा मिळतच नाही. लांबीचा फायदा इतकाच, की कॉक करायला तरफ लांब मिळते.

लांब बॅरल कापून आखूड करणं तर त्याहून वाईट. एअर रायफलच्या कित्येक चांगल्या बॅरल तोंडाशी केसभर आवळलेल्या असतात. यालाच चोक म्हणतात. नळीतून एक छर्रा लाकडी काडीने हलकेच ढकलून बघा. सगळीकडे सारखा सरकतो आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये हाताला घट्ट लागतो. तो भाग कापून टाकलात, तर नेमबाजीसाठी ज्याचे पैसे मोजले तेच फेकून दिल्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष काम. रायफल कॉक केलेली नाही आणि नळीत छर्रा नाही याची खात्री केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. स्टॉक उतरवा. बॅरल ज्यावर दुमडते त्या पिव्होट बोल्टला बऱ्याच मॉडेलमध्ये एक छोटा लॉक स्क्रू असतो. तो न काढता बोल्टवर जोर लावला की खाच खराब होते. बोल्ट निघत नसेल तर हातोडी शोधू नका, बॅरल किंचित उघडा. बंद स्थितीत बॅरल बंद धरून ठेवणारा बॉल किंवा पाचरीसारखा कॅच बॅरलला पुढे रेटत असतो, तो ताण सुटला की बोल्ट सहज येतो. दोन्ही बाजूंचे पातळ वॉशर कुठले कुठे होते ते कागदावर मांडून ठेवा. डाव्याचा उजवीकडे गेला तर सांधा एका अंगाला खेळू लागतो. परत जोडताना कॉकिंग आर्मचं, म्हणजे बॅरल दुमडली की पिस्टन मागे नेणाऱ्या दांड्याचं, टोक खालच्या खाचेत नीट बसलं आहे ना, हे बघितल्याशिवाय कॉक करू नका.

नुसती नळी मिळत असेल आणि जुनी ब्लॉकमध्ये, म्हणजे सांध्याच्या धातूच्या ठोकळ्यात, ठोकून, पिन मारून बसवलेली असेल, तर ती व्हाइसमध्ये धरून घरी उपटू नका. ब्लॉकसकट बॅरल घ्या, नाहीतर लेथवाल्याकडे द्या. ब्लॉक फिरलेला बसला तर माशी, म्हणजे नळीच्या तोंडावरची पुढची साइट, तिरकी उभी राहते. मग पल्ला बदलला की छर्रा एका बाजूला सरकत जातो आणि माणूस साइट फिरवून फिरवून थकतो.

सगळ्यात जास्त रायफली बिघडतात त्या ब्रीच सीलपाशी. ब्रीच म्हणजे नळीचं छर्रा भरायचं मागचं टोक, आणि सील म्हणजे तिथली हवा अडवणारी रिंग. नवी बॅरल जुन्याच सीलवर बसवली जाते, किंवा 'घट्ट असलेलं बरं' म्हणून जाड रिंग घातली जाते. सील धातूच्या पृष्ठभागापेक्षा अगदी किंचित वर हवं, नखाला लागेल इतकंच. कमी पडलं तर हवा निसटते. जास्त झालं तर कॅच पूर्ण बसत नाही, बॅरल दर वेळी वेगळ्या उंचीवर बंद होते आणि छर्रे वर-खाली विखुरतात. हे तपासायला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी पुरते. ती बंद सांध्यावर ठेवा, छर्रा भरून सुरक्षित ठिकाणी झाडा. पट्टी उडाली किंवा फाटली तर हवा जाते आहे. सीलखाली पातळ प्लॅस्टिकची एक चकती घाला आणि पुन्हा बघा. छर्रा न भरता मात्र कधीही झाडू नका. समोर हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट धातूवर आदळतो.

त्याच टोकाला आणखी एक गोष्ट बघा. नवीन नळीच्या कडेला धार असेल तर छर्रा भरतानाच त्याचा घेर सोलला जातो. छर्रा आत दाबा, काडीने तोंडातून बाहेर काढा आणि उजेडात फिरवून बघा. नळीतल्या पिळदार खोबणींच्या खुणा चहूबाजूंनी सारख्या हव्यात. एका अंगाला शिशाची सालपट निघालेली दिसली, तर बॅरल जिथून घेतली तिथे परत न्या.

दुसरं टोक म्हणजे तोंड. छर्रा नळी सोडतो तो क्षण सगळं ठरवतो, आणि तिथल्या कडेला लागलेला बारीकसा ओरखडाही हवेला एका बाजूने आधी वाट देतो. कापसाचा इयरबड आत घालून कडेवरून गोल फिरवत बाहेर ओढा. धागे अडकले तर तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक खरखरीत कंगोरा, आहे. कानस लावू नका. लेथवर ती कड नव्याने काढून घेणं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. साफसफाईची सळई तोंडाच्या बाजूने घालायची सवय असेल तर ती आजच सोडा. कापड ब्रीचकडून तोंडाकडे ओढायचं, आणि स्टीलचा ब्रश नळीला लावायचाच नाही.

नव्या नळीत गंज न लागण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते कोरडं होईपर्यंत पुसून काढा. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, काहीही ब्रीचमध्ये सोडू नका. पिस्टनपुढची हवा इतकी तापते की तेल पेट घेतं. धूर, फटाक्यासारखा आवाज, मग सील जळतं आणि स्प्रिंग तुटते. 'जोर वाढला' म्हणून खूश होणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. ग्रीस लागतं ते फक्त बोल्टला आणि वॉशरना, तेही मॉलीचं (मॉलिब्डेनम असलेलं) आणि नखभर.

बोल्ट किती आवळायचा? रिकाम्या रायफलची बॅरल उघडी धरून डावी-उजवीकडे हलवा. जराही खेळ नको, पण वर-खाली मात्र ती न कुरकुरता फिरावी. मग लॉक स्क्रू लावा.

स्कोप, म्हणजे वर बसवलेली दुर्बीण, असेल तर बॅरल बदलल्यावर छर्रा बराच खाली लागू शकतो, कारण स्कोप पिस्टनच्या ट्यूबवर असतो आणि नवी नळी किंचित खाली झुकलेली असू शकते. डायल शेवटपर्यंत फिरवत नेऊ नका, मागच्या माउंटखाली पातळ पट्टी घाला. रायफल पुढच्या हातावर नुसती ठेवा, आवळून धरू नका. स्प्रिंग रायफलला धक्का दोन्ही दिशांनी बसतो आणि पकड बदलली की गटही, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजकाही, सरकतो. निकाल काढायचा तो दहा मीटरवर दहा-दहा छर्ऱ्यांच्या गटावरून. तीन छर्रे योगायोगानेही एकत्र पडतात.

छर्ऱ्याचं डोकं 4.50, 4.51, 4.52 मिमी अशा मापांत येतं आणि जुन्या नळीला आवडणारा डबा नवीला आवडेलच असं नाही. दोन-तीन प्रकार आणून सुरुवातीचे काही डझन छर्रे नुसते झाडा, मग स्टॉकचे स्क्रू पुन्हा आवळा आणि त्यानंतरच साइटला हात लावा.