पोट सावरताना या चुका टाळा

गेल्या पावसात आईचा दात काढला. पाच दिवस अँटिबायोटिक, मागोमाग जुलाब. गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरी जो येई तो सांगे, "मऊ भात नि ताक, दुसरं काही देऊ नका." चार दिवसांत जुलाब थांबले, पण आईचं पथ्य महिनाभर चाललं, वर प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल. पोट फुगायचं आणि शौचाला साफ होईना.

चूक पथ्य लांबवण्यात होती. मोठ्या आतड्यातले जिवाणू फायबरवर, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या तंतूंवर जगतात. ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच चालतात. आम्ही कॅप्सूलमधून पाहुणे बोलावत होतो, ताट मात्र वाढत नव्हतो. मोठ्यांना रोज किमान 25 ग्रॅम फायबर हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरी चूक माझी. हे कळताच मी एका रात्री वाटीभर अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची वाटणातली आमटी) आणि दोन पोया (कोंडा लावलेले गोव्याचे पाव) वाढल्या. बिचारी गॅसने रात्रभर तळमळली. मग दोन चमच्यांपासून सुरुवात केली. अळसांदे रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकून शिजवायचे, तीन-चार दिवसांनी चमचाभर वाढवायचे. सोबत पाणी भरपूर. महिन्याभरात तिचं पोट हलकं झालं.

पोई घेताना मोडून बघा. वरून कोंडा, आत पांढरीशुभ्र, म्हणजे बहुतेक मैदाच. सोलकढी जरूर प्या, पण ती आंबवलेली नसते. ताकाची जागा ती घेत नाही. ताकाची कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात, म्हणून थोडं ताक तसंच प्यावं. चतुर्थीच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाजीत, कंद, शेंगा, नीरफणस एकत्र येतात. असं वैविध्य वर्षभर हवं, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळं फायबर लागतं.

शिजवून थंड केलेल्या भातातला थोडा स्टार्च पचत नाही, तोही जिवाणूंना मिळतो. पण आपल्या दमट हवेत भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं उलट्या आणणारं विष गरम करूनही जात नाही. निवला की लगेच फ्रिजमध्ये.

साध्या सर्दीला घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका, विषाणूवर ती चालत नाही. शौचातून रक्त, ताप, कारणाशिवाय घटणारं वजन किंवा झोपमोड करणारे जुलाब असतील, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.