‘श्टुर्म’ मराठीत आणताना: आडनाव, वृत्तपत्र, हुद्दा आणि शीर्षक

जर्मनमधून मराठीत भाषांतर करणाऱ्याची ‘श्टुर्म’ या शब्दाशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ ‘वादळ’ असा दिलेला असतो आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात; कारण हाच शब्द कधी एखाद्या गणितज्ञाचे आडनाव असतो, कधी नियतकालिकाचे नाव, कधी लष्करी हुद्द्याचा तुकडा, तर कधी नाटकाचे शीर्षक. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकातल्या चित्रकलेवरच्या लेखाची मुद्रिते मी तपासत होतो. बर्लिनच्या एका अभिव्यक्तिवादी मासिकाच्या मुखपृष्ठाखाली ‘डेअर श्टुर्म’ऐवजी ‘डेअर श्ट्युर्मर’ असे छापले गेले होते. फरक एका प्रत्ययाचा होता, पण त्या प्रत्ययाने ज्यू संपादकाच्या मासिकाला ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचे नाव मिळाले होते. ती चूक छपाईपूर्वी सापडली. पुढे दिलेली पद्धत मी त्यानंतर स्वतःसाठी आखून घेतली.

प्रथम शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून घ्यावेत. ‘श्टुर्म’ म्हणजे वादळ, हे खरेच आहे. परंतु त्याचा दुसरा, तितकाच जुना अर्थ ‘हल्ला’ असा आहे, आणि किल्ल्यावर तुटून पडणे या अर्थाचे क्रियापद त्याच घराण्यातले आहे. इंग्रजीतल्या ‘स्टॉर्म’लाही हे दोन्ही अर्थ असल्याने इंग्रजी भाषांतरकाराला अडचण येत नाही. मराठी ‘वादळा’ला मात्र हल्ल्याचा अर्थ नाही. आपल्यापैकी बरेच जण जर्मन मजकूर इंग्रजीवरून मराठीत आणतात, म्हणून ‘वादळी सैनिक’, ‘वादळी तुकडी’ असे चमत्कारिक शब्द आपल्याकडे छापले जातात. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘चढाई’ हा अगदी नेमका शब्द आहे. ‘श्ट्युर्मर’ म्हणजे चढाई करणारा. आजच्या जर्मन क्रीडापानांवर फुटबॉलमधल्या आघाडीच्या खेळाडूला याच शब्दाने ओळखतात, आणि कूपरेजवर फुटबॉल व शिवाजी पार्कवर कबड्डी पाहिलेल्या वाचकाला ‘चढाईपटू’ समजावून सांगावा लागत नाही.

यानंतर वाक्यात हा शब्द कोणते काम करतो आहे ते ठरवावे. येथे मोठ्या अक्षराचा आधार मिळत नाही, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठेच असते. आडनाव आणि साधे नाम डोळ्यांना सारखेच दिसतात. उपपद, म्हणजे नामाआधी येणारा ‘डेअर’सारखा शब्द, पाहावे. लेखी जर्मनमध्ये आडनावापुढे सहसा उपपद येत नाही, तर नियतकालिकाच्या नावात ते नावाचाच भाग असते आणि विभक्तीनुसार त्याचे रूप बदलते. ‘डेअर’चे ‘डेस’ होते, ‘त्यात’ या अर्थी ‘इम’ होते. मूळ मजकुरात ‘इम श्ट्युर्मर’ असे आले, तर मराठीत नाव पुन्हा ‘डेअर श्ट्युर्मर’ असेच द्यावे लागते, अन्यथा वाचक ‘इम’ला नावाचा भाग समजेल. शब्दाच्या पुढेमागे जोडशब्दाची शेपटी असेल, तर बहुधा हुद्दा किंवा लष्करी संज्ञा असते.

आडनाव असल्यास भाषांतराचा प्रश्न उद्भवत नाही. ‘ढगे’ किंवा ‘वाघमारे’ यांचे जर्मनमध्ये कोणी भाषांतर करू लागले तर आपल्याला जे वाटेल तेच येथे लागू आहे. तापट स्वभावाच्या पूर्वजावरून हे आडनाव पडले असावे, असे आडनावांचे अभ्यासक सांगतात; ती माहिती रंजक असली तरी लेखात तिला जागा नाही. आडनावाचा उच्चार कोणता धरायचा, हा प्रश्न मात्र जागा मागतो. जर्मन शब्दाच्या आरंभीचे ‘एस-टी’ हे ‘श्ट’ असे उच्चारले जाते, म्हणून स्ट्रासबुर्गमध्ये १५३८ साली प्रसिद्ध विद्यालय उभारणारे योहानेस श्टुर्म हे ‘श्टुर्म’च. परंतु पवईच्या आयआयटीत किंवा माटुंग्याच्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात ज्यांच्या नावाचे समीकरण शिकवले जाते, ते जाक शार्ल फ्रांस्वा हे याच आडनावाचे गणितज्ञ १८०३ साली जिनिव्हात जन्मले आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे आडनाव आहे. त्यांच्या आडनावाला फ्रेंच वळणाचा उच्चार द्यावा, की मराठी पाठ्यपुस्तकांत रुळलेले ‘स्टर्म’ ठेवावे? माझ्या मते गणिताच्या लेखात ‘स्टर्म-लिउव्हिल’ हेच ठेवावे, कारण विद्यार्थी तेच शोधणार आहे. चरित्रात्मक लेखात मूळ उच्चार एकदा सांगून पुढे जावे.

आडनाव दिसले म्हणजे ते जन्माचेच असेल, असेही धरू नये. जर्मन मुष्टियोद्धा फेलिक्स श्टुर्म याचे जन्मनाव अदनान चातिच असे असून ‘श्टुर्म’ हे त्याने रिंगणासाठी घेतलेले नाव आहे. उलट बाजूने, आडनावामुळे माणसाच्या कपाळी काय येऊ शकते याचे उदाहरण म्हणजे बोरिस श्ट्युर्मर. हे गृहस्थ १९१६ साली काही महिने रशियाचे पंतप्रधान होते. रशिया जर्मनीशी लढत असताना पंतप्रधानाचे आडनाव जर्मन असणे हेच अनेकांना संशयास पुरेसे वाटले. ‘डेअर श्ट्युर्मर’ हे नाझी साप्ताहिक निघाले ते त्यानंतर सात वर्षांनी, तेव्हा या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. १९८६ साली जर्मनीत नाझी भूतकाळावरून इतिहासकारांचा जो वाद पेटला त्यातले मिखाएल श्ट्युर्मर, किंवा ऑस्ट्रियन गायिका क्रिस्टिना श्ट्युर्मर, यांचाही त्या साप्ताहिकाशी संबंध नाही. अशा लेखात आडनावासोबत पहिले नाव प्रत्येक वेळी द्यावे. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

नियतकालिकांच्या बाबतीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. नाव भाषांतरित करू नये. टिळकांच्या ‘केसरी’ला जर्मन लेखकाने ‘सिंह’ या अर्थाचा जर्मन शब्द वापरला तर आपल्याला ते पत्र ओळखू येणार नाही. पहिल्या उल्लेखात उपपदासह पूर्ण नाव अवतरणात द्यावे, अर्थ त्याच वाक्यात मराठीत सांगावा आणि पुढे विभक्तिप्रत्यय अवतरणाबाहेर जोडावेत: ‘डेअर श्टुर्म’मध्ये, ‘डेअर श्ट्युर्मर’ने. मराठीला उपपदाची गरज नाही, हे खरे. पण येथे ‘डेअर’ हीच आडनावापासून वेगळेपणाची खूण आहे, म्हणून ते गाळू नये. त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात शहर, काळ आणि संपादक हे तीन तपशील द्यावेत. हे तीन तपशील दिले की गल्लत जवळजवळ अशक्य होते.

‘डेअर श्टुर्म’ हे बर्लिनचे कला आणि साहित्याचे नियतकालिक. काळ १९१० ते १९३२. संपादक हेर्वार्ट वाल्डेन. हे नाव त्यांना पत्नी, कवयित्री एल्झे लास्कर-श्युलर यांनी दिले होते. जन्मनाव गेओर्ग लेविन, ज्यू कुटुंबातले. १९१२पासून त्याच नावाचे कलादालनही होते. वाल्डेन १९३२ साली मॉस्कोला गेले आणि १९४१ साली सोव्हिएत तुरुंगात मरण पावले. ‘डेअर श्ट्युर्मर’ हे न्यूरेंबर्गचे साप्ताहिक. काळ १९२३ ते १९४५. चालक युलिउस श्ट्रायखर. त्याला नाझी पक्षाचे अधिकृत मुखपत्र म्हणणे चूक आहे, आणि ही चूक मराठीत वारंवार होते. ते श्ट्रायखरच्या खासगी मालकीचे होते, पक्षाचे अधिकृत दैनिक ‘फ्योल्किशर बेओबाख्टर’ हे होते. रस्तोरस्ती लावलेल्या उघड्या पेट्यांतून ते फुकट वाचायला मिळे, म्हणून विकत न घेणाऱ्यांपर्यंतही त्याचे विष पोहोचले. न्यूरेंबर्गच्या खटल्यात श्ट्रायखरला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवून १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फाशी देण्यात आले. या साप्ताहिकाचा उल्लेख करताना त्याचे स्वरूप एका स्पष्ट विशेषणात सांगावे, त्यातली व्यंगचित्रे सजावटीसाठी छापू नयेत, आणि ‘प्रखर राष्ट्रवादी पत्र’ यासारखे गुळमुळीत शब्द टाळावेत.

मुंबईत या काळजीला एक जवळचे कारण आहे. काळा घोडा परिसरात जिथे आपण मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जातो, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर १८८४ सालचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे लावणारे, मराठी ही ज्यांची घरची भाषा आहे असे बेने इस्रायली ज्यू आपले वाचक आहेत. शिवाय या शहराच्या चित्रकलेवर लिहिताना वॉल्टर लँगहॅमर आणि रुडॉल्फ फॉन लायडन यांची नावे येतातच. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या या दोघांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना हात दिला, आणि त्यांच्यामागचा युरोपीय अभिव्यक्तिवाद सांगू लागलो की ‘डेअर श्टुर्म’ आपोआप लेखात येते. म्हणजे ही चूक होण्याची जागा नेमकी तीच, जिथे ती सर्वाधिक टोचेल.

हुद्द्यांचे काम दिसते त्यापेक्षा सोपे आहे, कारण जर्मन जोडशब्द उजवीकडून सोडवला की उलगडतो. ‘ओबरश्टुर्मबानफ्युरर’ या लांबलचक शब्दात शेवटचा ‘फ्युरर’ म्हणजे प्रमुख, ‘श्टुर्मबान’ म्हणजे साधारण बटालियनएवढी तुकडी, आणि ‘ओबर’ म्हणजे वरच्या पायरीचा. येथे ‘श्टुर्म’ हे वादळही नाही आणि हल्लाही नाही. नाझी पक्षाच्या एसए आणि एसएस या निमलष्करी संघटनांत ते कंपनीएवढ्या तुकडीचे नाव झाले होते. त्याला ‘वादळ’ म्हणणे हे जुन्या मराठी कागदांतल्या घोडदळाच्या ‘पागे’ला नुसता तबेला म्हणण्यासारखे आहे. म्हणून हुद्दा देवनागरीत एकदा लिहावा आणि लगेच त्याचा लष्करी दर्जा सांगावा: ज्यूंच्या हत्याकांडाची व्यवस्था पाहणाऱ्या आयशमानचा ‘ओबरश्टुर्मबानफ्युरर’ हा लेफ्टनंट कर्नलच्या तोडीचा, आउश्वित्स छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याचा ‘हाउप्टश्टुर्मफ्युरर’ कॅप्टनच्या तोडीचा, तर अग्निबाणतज्ज्ञ वेर्नेर फॉन ब्राउन यांचा ‘श्टुर्मबानफ्युरर’ मेजरच्या तोडीचा. पुढे दर्जाच वापरला तरी हरकत नाही, मात्र ‘एसएस’ ही अक्षरे सोडू नयेत, नाहीतर वाचकाला तो नियमित सैन्यातला अधिकारी वाटेल. १९२१ साली स्थापन झालेल्या ‘श्टुर्मआबटायलुंग’चे, म्हणजे एसएचे, वर्णन ‘चढाई पथक’ असे करता येते. हे नाव पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर तुटून पडणाऱ्या जर्मन तुकड्यांवरून आलेले आहे. आपल्याकडे चिटणीस, फडणीस, सरनोबत हे हुद्दे आडनावे झाले, तसे या हुद्द्यांचे झालेले नाही, त्यामुळे नावाआधी असा शब्द आला तर तो आडनावाचा भाग नाही हे निश्चित समजावे. जाता जाता हेही नोंदवतो की ‘फ्युरर’ दिसताच दचकण्याचे कारण नाही. जर्मन पर्यटकाच्या हातातल्या प्रवासमार्गदर्शक पुस्तकाच्या नावातही तोच शब्द असतो.

साहित्यकृतींच्या शीर्षकांत मात्र ‘वादळ’ निर्धास्तपणे वापरावे. शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’ जर्मन रंगभूमीवर ‘डेअर श्टुर्म’ या नावाने होते. म्हणून जर्मन मजकुरात हे नाव दिसल्यास लेखाचा विषय नाटक आहे की मासिक, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जर्मन नाटककार क्लिंगर यांच्या १७७६ सालच्या ‘श्टुर्म उंड ड्रांग’ या नाटकावरून एका संपूर्ण वाङ्मयीन कालखंडाला नाव मिळाले. ‘वादळ आणि आवेग’ हा त्याचा पुरेसा मराठी अर्थ आहे. तरुण ग्योथे आणि शिलर याच कालखंडातले. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहराचा फुटबॉल संघ आणि तिथेच शरद ऋतूत मिळणारी अर्धवट आंबलेली द्राक्षाची दारू, या दोहोंनाही ‘श्टुर्म’च म्हणतात, तेव्हा प्रवासवर्णनात ‘आम्ही वादळ प्यालो’ असे लिहिण्याचा मोह आवरावा.

लेखनाबद्दल एवढेच की ‘श्ट्युर्मर’मधला स्वर आपल्याकडे नाही, ‘उ’ म्हणताना ओठ गोल होतात तसे ठेवून ‘इ’ म्हटले की तो साधतो, आणि देवनागरीत ‘यु’ हा त्याला जवळचा पडतो. शेवटचा ‘र’ जर्मन माणूस जवळजवळ गिळतो, तरी आपण ‘हिटलर’ लिहितो तसाच तो लिहावा. रोमन लिपीत या स्वराच्या डोक्यावर दोन टिंबे असतात. ग्रंथालयाच्या संगणकावर शोधताना टिंबांसह, टिंबांशिवाय आणि ‘यू’नंतर ‘ई’ हे अक्षर जोडून, असे तिन्ही प्रकारे शोधावे, कारण जुन्या नोंदी करणाऱ्यांनी तिन्ही पद्धती वापरलेल्या असतात. पुस्तकाला सूची जोडायची असल्यास माणसे आडनावाखाली द्यावीत, नियतकालिके ‘श्टुर्म, डेअर’ अशी उपपद मागे टाकून आणि पुढे शहर लिहून द्यावीत, हुद्दे ‘एसएस’खाली एकत्र करावेत, आणि ‘स्ट’खाली शोधणाऱ्या वाचकासाठी ‘स्टर्म: श्टुर्म पाहा’ अशी एक नोंद आठवणीने ठेवावी.