तमाशा कलावंतांसाठी काम करायचंय? सुरुवात तहसील कचेरीतून करा

लोककलेचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेली मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "तमाशा कलावंतांसाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू?" त्यांच्या डोक्यात महोत्सव असतो, नाहीतर माहितीपट. मी तहसील कचेरी म्हणते तेव्हा चेहरे पडतात.

राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. 2024 पासून महिन्याला 5000 रुपये मिळतात. वय पन्नास हवं, कलेत पंधरा वर्षं घातलेली हवीत, शिवाय तहसील कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला. वाचायला सोपं आहे. पण पंधरा वर्षं फडात, म्हणजे तमाशाच्या मंडळीत, नाचलेल्या बाईकडे नाचल्याचा पुरावा कसला असणार? फडात करारपत्र नसतं, उचल असते. हंगामाआधी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत उभं राहायचं. हिशेब मालकाच्या वहीत. फड मोडला की वही कुठे गेली कोणाला ठाऊक. त्यातून हँडबिलावर तिचं नाव 'सातारकर' नाहीतर 'कोल्हापूरकर', आणि आधारवर सासरचं भलतंच.

म्हणून नव्याने येणाऱ्याने मुलाखत घ्यायच्या आधी पेटी उघडायला सांगावं. जुनी हँडबिलं, यात्रेच्या पत्रिका, सुपारीच्या, म्हणजे खेळ ठरवताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावत्या, फोटो. फोटोच्या मागे गाव आणि साल तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही. पेटीत काही नसेल तर यात्रा कमिटीकडे जा. काही गावांत वर्गणीच्या जमाखर्चाच्या वह्या जपलेल्या असतात आणि त्यात तमाशाला किती दिले, कोणत्या फडाला दिले हे असतं. दोन नावं एकाच बाईची आहेत याचं प्रतिज्ञापत्र लगेच करून घ्या. अर्ज परत आल्यावर धावाधाव नको.

वेळेचंही भान हवं. हंगाम दसऱ्याला सुरू होतो, बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. बघायला जरूर जा, पण तेव्हा कोणाला प्रश्न विचारू नका, तो धंद्याचा दिवस. 2020 मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी पाडव्याला, 25 मार्चला. यात्रांचा अख्खा हंगाम बुडाला, उचल मात्र डोक्यावर राहिली.

बोलायला आषाढ-श्रावण बरा. माणसं घरी असतात. पण खिसेही तेव्हाच रिकामे असतात, म्हणून कोणी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातं. तुमच्या मुलाखतीपायी तिची दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती द्या. "आम्ही तुमच्या कलेची दखल घेतोय" हे वाक्य कृपा करून वापरू नका.

फडात शिरायचं तर मालकाच्या ओळखीनेच, त्याला इलाज नाही. पण तिथेच बसून राहिलात तर पुरस्कार, सरकारी महोत्सव, परदेश दौरा, सगळं त्याच त्या चार नावांना जाताना दिसेल. ढोलकीवाला आणि पुढे नाचणारी यांना निदान उचल तरी मोठी असते. तंबू ठोकणारे बिगारी, स्वयंपाकी, गवळणीत मागे उभ्या राहणाऱ्या पोरी कुठल्याच यादीत नसतात. मला स्वतःला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच: चाळिशीत बाईला पुढून मागे ढकलतात आणि मानधन पन्नाशीनंतर. मधली वर्षं तिने कशावर काढायची याला कुठल्याही शासन निर्णयात उत्तर नाही.

पगाराचं विचाराल तर अशी ठरलेली नोकरी नाही. पोटापाण्याचं दुसरं काहीतरी हाताशी ठेवूनच या.

आणि मानधन मंजूर झालं तरी फाइल बंद करू नका. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. अर्ज आता ऑनलाइन आहे, तेव्हा ओटीपी येणारा मोबाइल घरात कोणाच्या खिशात असतो, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.