खपलीचं बियाणं घरच्या रानातून निवडताना

सातारा-सांगलीत खरी थंडी दोन-अडीच महिन्यांची. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं. इथं टिकलेली खपली, म्हणजे मळणीनंतरही दाण्याला टरफल चिकटून राहणारा गहू, त्या वेळापत्रकातच बसते: युरोपातल्या हिवाळी गव्हाला लोंबी येण्यासाठी कित्येक आठवडे कडक गारठा लागतो, हिला लागत नाही. दुसरा गुण तांबेऱ्याविरुद्धचा, म्हणजे गव्हावर गंजासारखे फोड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाविरुद्धचा. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू उन्हाळा निलगिरी-पळणीच्या डोंगरांत काढतात आणि नोव्हेंबरच्या वादळी पावसासोबत उत्तरेकडे सरकतात, म्हणजे आपल्याकडे थेट कोवळ्या पिकावर. रोगाच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी ठरवलेल्या 12 गव्हांत खपली होती, ती या ताकदीमुळेच.

हे गुण राखायचे तर निवड उभ्या पिकात करा, खळ्यावर नव्हे. ढिगातला टपोरा दाणा कुठल्या झाडाचा, हे कळत नाही. बांधाकडेची आणि पाटाकडेची झाडंही सोडा: तिथला जोम जादा उजेडाचा आणि पाण्याचा असतो, तो बियाण्यातून उतरत नाही.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, पण एक गुंठा मुद्दाम तीन आठवडे उशिरा पेरा. त्याचा दाणा उन्हात भरतो, म्हणून उष्णता सोसणारी झाडं तिथं उघडी पडतात. लोंबी बाहेर पडताना लवकर निसवलेल्या झाडांना दोरा बांधा. पक्वतेला पुन्हा फिरा आणि लोळलेली, तांबेऱ्याचे फोड असलेली, काणी लागलेली (दाण्याऐवजी काळी भुकटी झालेली) झाडं बाद करा. नुसती लवकर आलेली पण चिमलेल्या दाण्याची लोंबीही नको. घाई हा गुण नव्हे. लोळण्याचा दोष मात्र लगेच झाडावर टाकू नका, युरिया जास्त झाला तरी उंच खपली आडवी होतेच.

पाच-सहाशे लोंब्या काढल्या की साधारण किलोभर बी मिळतं. एकरी 40 किलोच्या हिशेबानं तेवढं एका गुंठ्याला पुरतं. गहू स्वपरागित, त्यामुळे शेजारच्या गव्हापासून 3 मीटर अंतर पुरे. मळणीत सरमिसळ होते ती वेगळीच, यंत्र आधी झाडून घ्या.

बी टरफलासकट ठेवा आणि तसंच पेरा. कांडून टरफल काढताना कोंब दुखावतो, मग उगवण विरळ होते. टरफलामुळे पाणी आत उशिरा शिरतं, म्हणून चांगल्या वापशावरच, म्हणजे माती चिखल न होता पुरती ओली असतानाच, पेरा. त्याआधी ओल्या गोणपाटात 100 टरफलं गुंडाळा आणि आठव्या दिवशी मोजा. एका टरफलात बहुधा दोन दाणे असतात, तेव्हा मोजायची कोंब फुटलेली टरफलं, कोंब नव्हेत. 85 च्या खाली आली तर बी बदला.