जॅकेटला चुण्या पडल्या? इस्त्री तापवण्याआधी या चुका टाळा

जुलैत ठाण्याला जॅकेटवर घाईघाईने वाफ मारायची, लगेच अंगात चढवायचे आणि ट्रान्स हार्बर लोकल पकडायची. ऐरोली यायच्या आत कोपराच्या आणि पाठीच्या चुण्या परत हजर. दोष स्टीमरवर जातो, पण चूक सुकवण्यात झालेली असते.

रेशीम, लोकर, व्हिस्कोज, लिनन या धाग्यांना ओल आणि उष्णता मिळाली की त्यांच्या आतले बंध सैल होतात. मग कापड ज्या आकारात सुकते, त्याच आकारात ते बंध पुन्हा धरतात. म्हणजे वाफ चुणी नुसती सैल करते, ती जाते सुकताना. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे 10 मिनिटांत काहीही सुकत नाही. वाफ दिल्यावर जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरवर पंख्याखाली किंवा एसीच्या ‘ड्राय’ मोडवर किमान अर्धा तास राहू द्या. अस्तर आणि खांद्यांना पॅड असतील तर तासभर. आतून काखेपाशी हात लावून बघा. अस्तर गार लागले तर अजून ओल आहे.

लेबल न बघता इस्त्री लावणे

लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश सेल्सिअस, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. इस्त्रीवर फुली असेल तर इस्त्री नाहीच. शिवून घेतलेल्या जॅकेटला लेबल नसते, तेव्हा आतल्या शिवणीत दाबलेल्या जास्तीच्या कापडावर सर्वांत कमी तापमानापासून सुरुवात करा. अस्तरही तपासा. बाहेरून लिनन आणि आतून पॉलिस्टर असेल, तर तापमान पॉलिस्टरच्या हिशेबाने ठेवायचे.

मखमल दाबणे

लग्नसराईत सर्वांत जास्त बिघडते ती मखमल. तिची शोभा उभ्या लवेत असते. वरून इस्त्री टेकवली की लव आडवी होते, तिथे चकचकीत ठसा उमटतो आणि बहुतेक वेळा तो कायमचा राहतो. मखमलीला इस्त्री टेकवायचीच नाही. जॅकेट उलटे करून टांगा, स्टीमर 8 ते 10 सेंटिमीटर लांब धरा आणि आतल्या बाजूने वाफ द्या. ओलसर असताना लवेवर हात फिरवू नका, बोटांचे ठसे राहतात. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने लवेच्या दिशेने हलकेच झाडा. बसून बसून पाठीवर लव दबली असेल, तर एका वेळेत ती उठत नाही. वाफ, पूर्ण सुकवणे, ब्रश, असे दोन-तीनदा करावे लागते.

रेशमावर पाणी शिंपडणे

सुती शर्टाची सवय इथे नडते. रेशमावर पाण्याचे थेंब पडले की सुकताना कडेला गोल डाग उमटतो. जॅकेट उलटे करा, वर कोरडे मलमलचे कापड ठेवा आणि इस्त्री न घासता टेकवा-उचला, टेकवा-उचला. घासल्याने कापड तिरके ताणले जाते आणि कॉलरची कड वाकडी होते. बाहीत टॉवेलची घट्ट गुंडाळी घातली की मध्ये नवी घडी पडत नाही.

स्टीमर थुंकतो, तोही याच कारणाने घातक. पाणी पूर्ण तापायच्या आत बटण दाबले किंवा यंत्र आडवे धरले की गरम थेंब उडतात. पहिली वाफ बेसिनकडे सोडून द्या, मग कपड्याकडे वळा. टँकरचे किंवा बोअरचे पाणी येणाऱ्या सोसायटीत स्टीमरमध्ये डिस्टिल्ड पाणी वापरा, नाहीतर क्षार साचून गडद कापडावर पांढरे ठिपके पडतात.

पैठणीच्या काठाचे जॅकेट असेल तर जरीवर थेट वाफ नको. ओलीने जरीची तार काळवंडते, आणि आजच्या बऱ्याच जरीत प्लॅस्टिकची पट्टी असते, ती उष्णतेने आकसून वळते. डांबरगोळ्याही जरीला चिकटून ठेवू नका.

लोकरीचे काम त्या मानाने सोपे. गरम पाणी सोडलेल्या बाथरूममध्ये 15 मिनिटे टांगा, मग पंख्याखाली. लिननला मात्र थोडी ओल आणि जास्त उष्णता लागते, आणि तरीही तासाभरात चुणी पडतेच. ती पडू द्यावी. लिनन कडक ठेवण्याचा हट्ट हा पैशाचा आणि विजेचा अपव्यय आहे.

जी चुणी नाहीच, तिच्यावर इस्त्री

छातीवर किंवा लॅपलवर (कॉलरला जोडून छातीवर दुमडलेल्या भागावर) बारीक फुगे दिसत असतील, तर आतले चिकटवलेले फ्यूजिंग, म्हणजे कापडाला आकार देणारा थर, सुटले आहे. चिमटीत धरून बघा, वरचे कापड आणि आतला थर वेगवेगळे सरकतात. जास्त उष्णतेने किंवा भिजल्याने असे होते, आणि आणखी वाफ दिली तर फुगे वाढतात. हे जॅकेट टेलरकडेच न्यावे लागते. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या रेषा येत असतील तर जॅकेट तंग आहे. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर मानेचा किंवा खांद्याचा कट जुळत नाही. यात इस्त्रीचा काही उपयोग नाही.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे देणार असाल, तर आधी विचारा. कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचे बटण नसते. मखमलीचे आणि जरीचे जॅकेट तिथे देऊच नका. बाकीच्यांसाठी ‘उलटे करून, वर कापड ठेवून’ एवढे सांगितले तरी पुरते.

प्रवास आणि कपाट

गर्दीच्या गाडीत जॅकेट अंगावर नको. एक खांदा उलटा करा, दुसरा त्यात खुपसा, म्हणजे अस्तर बाहेर येते. मग मधोमध टॉवेल ठेवून सैल दुमडा आणि पिशवीत सर्वांत वर ठेवा. गाडीने जाणार असाल तर सीटबेल्टखाली घालण्यापेक्षा मागे टांगा. पोहोचल्यावर लगेच बाहेर काढा. दमट पिशवीत तासभर दबलेली घडी घट्ट बसते.

ड्रायक्लीनिंगची प्लॅस्टिक पिशवी त्याच दिवशी काढून सुती कव्हर घाला. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पावसाळ्यात तिथे बुरशी येते. जॅकेट भिंतीकडच्या टोकाला टांगू नका आणि दोन हँगरांमध्ये चार बोटे जागा सोडा.